मामाच्या मुलीपासून हळदीकुंकवापर्यंत: आपल्या निवडी ठरतात कशा?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग अशा भागांत मराठी आणि गुजराती कुटुंबं कित्येक पिढ्या शेजारी राहत आली आहेत. उत्तरायणाला पतंग एकाच गच्चीवरून उडतात, नवरात्रात गरबा एकत्र होतो आणि उंधियूचा डबा न मागता समोरच्या घरी पोचतो. पण मामाच्या मुलीशी लग्न हा विषय निघाला, की दोन घरांतली माणसं दोन वेगळ्या जगांतली वाटू लागतात. मराठा आणि इतर अनेक मराठी जातींतल्या आजीला त्यात वावगं काहीच दिसत नाही. तिच्या काळात भावाची मुलगी सून करून आणणं हा बहिणीचा मान होता, जवळजवळ हक्कच. समोरच्या पटेल किंवा वाणिया घरातल्या काकी मात्र दचकतात. त्यांच्याकडे मामाची मुलगी ही बहीण. बहिणीशी कुणी लग्न करतं का?

इरावती कर्वे यांनी भारतातल्या नात्यागोत्यांचा प्रदेशवार अभ्यास केला आणि १९५३ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. उत्तरेत मुलगी अनोळखी घरात द्यायची, आईवडिलांची गोत्रं टाळायची, कित्येक ठिकाणी आपलं गावसुद्धा टाळायचं. दक्षिणेत याच्या उलट: आहे त्याच नात्यात पुन्हा नातं जोडून ते घट्ट करायचं. महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या मधे येतो, आणि तिथे गंमतीचा नियम सापडतो. मुलाला मामाची मुलगी चालते. आत्याची मुलगी मात्र बहुतेक ठिकाणी चालत नाही. रक्ताच्या हिशेबाने पाहिलं तर दोघींचं अंतर अगदी सारखं आहे. म्हणजे नियम शरीरशास्त्रातून आलेला नाही. मुलगी कुठल्या घरातून कुठल्या घरात जावी, देणारं घर कुठलं आणि घेणारं कुठलं, याबद्दलच्या समजुतीतून तो आला आहे.

कायद्यानेही ही समजूत ओळखली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ आणि बहीण यांच्या मुलांचं आपसातलं लग्न निषिद्ध नात्यांत धरलं आहे, पण दोन्ही पक्षांच्या रूढीत ते बसत असेल तर सूट आहे. एकाच जिन्यावरच्या दोन घरांना एकच कायदा लागू, आणि तेच लग्न एका घरात वैध, दुसऱ्यात अवैध. (आता डॉक्टर जवळच्या नात्यातल्या लग्नांतल्या आनुवंशिक आजारांबद्दल सावध करतात आणि मराठी घरांतही ही पद्धत मागे पडत चालली आहे. माझ्या मते ते चांगलंच आहे.)

या उदाहरणावरून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते, म्हणून मी तिथून सुरुवात केली. संस्कृती माणसाला अडवते, असं आपण म्हणतो. पण तिचं मोठं काम अडवण्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. समोरच्या घरातल्या मुलाला मामाच्या मुलीशी लग्न करायचं आहे आणि समाज त्याला करू देत नाही, असं घडतच नाही. तो विचारच त्याच्या मनात येत नाही. कुणी मनाई करत नाही, कुणी मन मारत नाही. आपण ज्याला ‘माझी निवड’ म्हणतो ती अशा पर्यायांतून होते, जे आपल्याला दिसतात. न दिसलेल्या पर्यायांची आपल्याला खंतही नसते.

मूल्यं तीच, क्रम वेगळा

दोन समाजांच्या वागण्यात फरक दिसला की ‘त्यांच्यात संस्कारच नाहीत’ असं म्हणण्याची घाई होते. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ पासून अनेक देशांतल्या लोकांच्या मूल्यांची तुलना केली. सुरक्षितता, परंपरा, स्वतःच्या मनाने जगणं, यश, जवळच्यांची काळजी, सगळ्यांना न्याय अशी एकूण दहा मूलभूत मूल्यं त्यांनी धरली. ती जवळजवळ सगळीकडे सापडतात. आपल्या माणसांची काळजी तर बहुतेक समाजांत वरच्या स्थानावरच असते. बदलतो तो बाकीच्यांचा क्रम. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या की कुठली सोडायची, हे त्या क्रमावरून ठरतं.

बडोद्यात हे रोज पाहायला मिळतं. पंचविशीतल्या मुलाने नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू करायचं म्हटलं, तर मराठी घरात पहिलं वाक्य येतं, “आधी कुठेतरी कायम हो, मग बघू.” गुजराती शेजारी त्याच मुलाला विचारतात, “नोकरी किती दिवस करणार?” अपवाद दोन्हीकडे भरपूर आहेत. सुरक्षितता मराठी आईला हवी आहे तशी गुजराती आईलाही हवी आहे. एकीला ती महिन्याच्या पगारात दिसते, दुसरीला स्वतःच्या दुकानात आणि नात्यातल्या माणसांकडून वेळेला मिळणाऱ्या भांडवलात.

हा क्रम आकाशातून पडलेला नाही. बडोद्यातली बरीच मराठी घराणी गायकवाडांच्या राज्यात सैनिक, कारकून, शिक्षक, पुजारी, वैद्य म्हणून आली आणि रुजली. दरबारची चाकरी म्हणजे ठरलेला पगार, पुढे पेन्शन, शिवाय समाजात मान. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. चाकरी देणारा दरबार संपला, तरी ‘कायमची नोकरी’ घरातल्या सर्वांत वरच्या फळीवर तशीच राहिली. ज्या परिस्थितीने मूल्य घडवलं ती परिस्थिती जाते, मूल्य मागे उरतं आणि पुढच्या पिढ्यांना ते स्वभावासारखं वाटू लागतं.

असं जगभर आढळतं. अर्थशास्त्रज्ञ अल्बेर्तो अलेसिना, पाओला जुलियानो आणि नेथन नन यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की ज्या समाजांत पूर्वी नांगराची शेती होती, त्यांच्या वंशजांत आजही बायकांनी घराबाहेर काम करण्याचं प्रमाण आणि त्याला असलेली मान्यता कमी आहे. नांगराला अंगात ताकद लागते म्हणून शेत पुरुषाचं आणि घर बाईचं अशी वाटणी झाली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज दुसऱ्याच देशातल्या शहरात, संगणकावर काम करतात. नांगर कुणी पाहिलेलाही नाही. वाटणी मात्र थोडीफार अजून टिकून आहे.

पर्याय दिसण्यामागे आणखी एक साधं कारण असतं: तो आधी कुणीतरी वापरलेला असावा लागतो. बडोद्याजवळच्या चरोतर पट्ट्यातली पाटीदार कुटुंबं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पूर्व आफ्रिकेत जात आली. त्यामुळे तिथल्या मुलाला परदेश म्हणजे काका, मावसभाऊ, गावचा कुणीतरी. विमानतळावर उतरवून घ्यायला माणूस आहे. ज्या घरातून पूर्वी कुणी गेलेलं नाही, त्या घरातल्या तितक्याच हुशार मुलाला तोच पर्याय साहस वाटतो. त्यात दोघांच्या धाडसाचा फरक फारसा नाही.

रीत कशावर उभी असते

मनातलं मूल्य आणि गल्लीतली रीत, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हे एकदा लक्षात आलं की आपल्या भोवतालचं पुष्कळ काही उलगडतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू घ्या. नवरा गेलेल्या बाईला बोलवायचं नाही, ही रीत. आता त्याच गल्लीतल्या बायकांना एकेकीला बाजूला घेऊन विचारा. खूप जणी सांगतील, “मला स्वतःला काही वाटत नाही हो. पण बाकीच्यांना आवडणार नाही.” यजमानीण पाहुण्यांच्या मनाचा विचार करते. पाहुण्यांना वाटतं, आपण विषय काढला तर यजमानीण अवघडेल. जिला बोलावलेलं नाही ती म्हणते, “मीच जात नाही, उगाच कशाला कुणाला कोड्यात टाकायचं.” प्रत्येकीच्या मनात एक आणि सगळ्या मिळून वागतात त्याच्या उलट. या बायका वाईट नाहीत. त्यांना एकमेकींच्या मनातलं माहीत नाही, एवढंच.

क्रिस्तिना बिक्येरी या तत्त्वज्ञ विदुषींनी सामाजिक रीतींचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीनुसार रीत दोन अपेक्षांवर उभी असते. पहिली, इतर लोक असंच वागतात. दुसरी, मीही असंच वागावं अशी इतरांची अपेक्षा आहे आणि मी वागले नाही तर ते काहीतरी करतील: बोलतील, टाळतील, नाव ठेवतील. रीत पाळणाऱ्याला ती मनातून पटलेली असावीच लागते असं नाही. या दोन अपेक्षा शाबूत असल्या की कुणालाच न पटणारी रीतही वर्षानुवर्षं चालते.

आणि ‘इतरांना काय वाटतं’ याचा आपला अंदाज फार चुकतो. सौदी अरेबियात रियाधमध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने विवाहित तरुण पुरुषांना विचारलं, बायकोने घराबाहेर नोकरी करावी का? बहुसंख्यांचं उत्तर ‘हो’ होतं. मग विचारलं, तुमच्यासारख्या बाकीच्यांचं मत काय असेल? बहुतेकांनी इतरांचा पाठिंबा प्रत्यक्षापेक्षा कमी धरला. त्यांतल्या काहींना खरा आकडा सांगितला. काही महिन्यांनी पाहिलं तर या घरांतल्या बायकांनी नोकरीसाठी जास्त प्रमाणात अर्ज केले होते. कुणाचंही मत बदलवलेलं नव्हतं. शेजाऱ्याच्या मनात काय आहे, एवढंच कळवलं होतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘लोक काय म्हणतील’ हे आपण भिंतीसारखं पक्कं मानतो आणि पुष्कळदा ते कुणी तपासलेलंच नसतं.

रीतींची दुसरी बाजूही आहे, ती विसरली तर अन्याय होईल. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. कुणी भात-पिठलं आणतं, कुणी चहाचा थर्मास, कुणी सामान आणायला जातं. त्या घरातल्या माणसाला काहीही ठरवावं लागत नाही, कुणाला हाक मारावी लागत नाही. पुढे कुठल्या दिवशी काय करायचं हे घालून दिलेलं असतं. विचार करण्याची ताकद नसते तेव्हा रीत माणसाला उचलून धरते. म्हणून रीती सरसकट मोडाव्यात असं मी म्हणत नाही. कुठली रीत कुणाला आधार देते आणि कुठली कुणाला बाहेर बसवते, ते प्रत्येक वेळी पाहायला हवं.

राजा सुधारक, शहर मात्र शहरासारखं

बहुतेक ठिकाणी सुधारकांना सत्तेशी झगडावं लागलं. बडोद्यात सत्ताच सुधारकाची होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला, १८८१ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि १९३९ पर्यंत त्यांनी राज्य केलं. म्हणून राजाने मनापासून ठरवलं तर रीतीत किती बदल होतो, हे पाहायला बडोद्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

१९०४ मध्ये बडोद्याने बालविवाहाविरुद्ध कायदा केला. मुलीचं वय किमान १२, मुलाचं १६. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा यायला त्यानंतर पंचवीस वर्षं गेली. पण लोकांनी काय केलं? दंड भरला आणि लग्नं लावली. बापाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दंड एकदा भरला की विषय संपला. मुलगी वयात येऊन घरात राहिली तर जातीत रोज बोलणी, आणि पुढे स्थळ मिळेल याची खात्री नाही. सरकारचा दंड जातीच्या दंडापेक्षा स्वस्त होता. शिवाय कायदा पाळायचा तर एकट्या बापाने पाळून चालत नव्हतं. आसपासच्या सगळ्या घरांनी मुली लवकर दिल्या तर थांबलेली मुलगी एकटी पडणार होती.

शिक्षणाची गोष्ट वेगळी झाली. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात गेला, मुलींसकट. इथेही सुरुवातीला नाखुशी होती, दंडही होता. पण शाळा ही रोज डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे. सकाळी पाटी-दप्तर घेऊन शेजारची मुलगी जाताना दिसते. परवा आणखी दोघी जातात. ‘इतर लोक काय करतात’ ही जी पहिली अपेक्षा, ती रोज थोडी थोडी बदलत जाते. १९१० नंतर अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांच्या मदतीने ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. महाराजांच्या सगळ्या सुधारणांत शाळा आणि ग्रंथालय सर्वांत खोल गेली असं मला वाटतं. लग्नाचा कायदा लोकांना ‘करू नका’ म्हणत होता. शाळेने त्यांना दुसरं काहीतरी करायला दिलं.

आता त्याच बडोद्यातला १९१७ चा प्रसंग. सयाजीरावांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं होतं. शिकून ते नोकरीसाठी बडोद्याला आले, तर राहायला जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरले. ओळख कळल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. ते दोन मित्रांकडे गेले. याबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. हिंदू मित्र भला माणूस होता, ऐकून त्याला दुःख झालं, संताप आला. पण तो एवढंच म्हणाला, की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती. त्याने सांगितलं, बायको उद्या येते, तिला विचारावं लागेल. दोघांपैकी कुणीही ‘मला तुम्ही नको आहात’ असं म्हणालं नाही. एकाने नोकरांकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने बायकोकडे. आंबेडकर परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत कामाटीबागेत बसून राहिले आणि मुंबईला निघून गेले.

रीत कशी चालते याचं याहून नेमकं आणि याहून दुःखद उदाहरण मला माहीत नाही. महाराज अनुकूल होते, नोकरी दिलेली होती, मित्रालाही राग आला होता. तरी शहरात एक खोली मिळाली नाही, कारण प्रत्येक दार पुढच्या माणसाच्या भीतीने बंद होतं. मूल्य बदललेल्या माणसाने एकट्याने किंमत मोजायची तयारी दाखवली असती तर ते दार उघडलं असतं. आणि ती किंमत काय होती? नोकर सोडून जाण्याची. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाने जे गमावलं त्याच्यापुढे ती काहीच नव्हती, हे म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

खुद्द राजवाड्यातही मूल्य आणि वागणं यांच्यातलं अंतर दिसतं. सयाजीराव आणि महाराणी चिमणाबाई दोघेही स्त्रियांच्या शिक्षणाचे कैवारी. चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्यांनी मुलीला, इंदिराराजेंना, शिकवलं. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी तिचं लग्न ठरवलं होतं. माधवरावांची पहिली पत्नी होतीच. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास इंदिराराजे कूचबिहारच्या राजपुत्राच्या, जितेंद्र नारायण यांच्या प्रेमात पडल्या आणि त्यांनी ग्वाल्हेरला स्वतः पत्र लिहून लग्न मोडलं. घर हादरलं. आईवडिलांनी कडाडून विरोध केला. १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं तेव्हा आईवडील तिथे नव्हते. मुलींनी शिकावं हे मूल्य त्यांना मनापासून पटलेलं होतं. शिकलेली मुलगी स्वतःचा नवरा स्वतः निवडेल, तोही मराठ्यांच्या बाहेरचा, ही त्याच मूल्याची पुढची पायरी मात्र जड गेली. आजही कितीतरी सुशिक्षित घरांत गाडी याच पायरीवर अडते.

मग रीत बदलते कशी?

चीनमध्ये मुलींचे पाय लहानपणीच घट्ट बांधून ते खुरटे करण्याची प्रथा शेकडो वर्षं होती. मांचू बादशहांनी सतराव्या शतकात बंदी घालून पाहिली. काही फरक पडला नाही. आईला लेकीच्या वेदना दिसत नव्हत्या असं नाही. पण न बांधलेल्या पायांच्या मुलीला चांगलं स्थळ मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुधारकांनी आईबापांचे मंडळ काढले आणि त्यांच्याकडून दुहेरी शपथ घेतली: आम्ही मुलींचे पाय बांधणार नाही, आणि पाय बांधलेली सूनही आणणार नाही. दुसऱ्या अर्ध्या शपथेत सगळी युक्ती आहे. पाय न बांधलेल्या मुलींसाठी स्थळं त्याच मंडळात तयार झाली. तिंगशिएन भागात १८८९ मध्ये जवळजवळ सगळ्या मुलींचे पाय बांधले जात. १९१९ पर्यंत नव्या मुलींत ही प्रथा उरली नव्हती. एका पिढीत संपली. अमेरिकन अभ्यासक जेरी मॅकी यांनी १९९६ मध्ये या घटनेचं तर्कशास्त्र उलगडून दाखवलं.

आपल्या शेजारी चरोतरमध्ये पाटीदारांनी जवळपास हेच केलं. मुलगी वरच्या प्रतिष्ठेच्या गावात द्यायची, अशी तिथे ओढ होती. करमसद, नडियाद, वसो, सोजित्रा, धर्मज, भादरण ही सहा गावं सर्वांत मानाची. त्यामुळे खालच्या गावांतल्या बापांचा हुंड्यात जीव जायचा, आणि त्यांच्याच मुलांना मुली कमी पडायच्या. एकटा बाप ‘मी वर देणार नाही’ म्हणाला तर त्याच्याच मुलीचं नुकसान. म्हणून बरोबरीच्या गावांनी एकत्र येऊन गोळ बांधले: मुली आपसातच द्यायच्या-घ्यायच्या, बाहेर देणाऱ्याला दंड. युक्ती लागू पडली. पण याच गोळांनी पुढे मुलामुलींच्या निवडीला कुंपणही घातलं. लोकांनी मिळून केलेला करार एका पिढीची सुटका करतो आणि दुसऱ्या पिढीला बांधूनही ठेवतो. असे करार अधूनमधून पुन्हा उघडून पाहावे लागतात.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं थांबवायचं. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठरावाचं महत्त्व त्यातल्या शब्दांपेक्षा तो सगळ्यांसमोर झाला यात जास्त आहे. ‘गावाला चालणार नाही’ हे कारण त्या दिवसापासून कुणाला सांगता येईना.

किंमत कोण मोजतं

निवड स्वतःची असली तरी तिची किंमत क्वचितच एकट्यावर पडते. मोठीने जातीबाहेर लग्न करायचं म्हटलं की घरात पहिलं वाक्य येतं, “धाकटीचं अजून व्हायचंय.” ही धमकी नसते, बहुतेक वेळा खरी काळजी असते. म्हणूनच तिला उत्तर देणं कठीण जातं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस लागते आणि ३० दिवस हरकतींची वाट पाहावी लागते. ज्या जोडप्याला घरच्यांपासून वेळ हवा असतो, त्याच्यासाठी हे ३० दिवस फार मोठे असतात.

किंमत सारखी वाटलेलीही नसते. मुलाने उशिरा लग्न केलं तर तो ‘सेटल होतोय’. मुलीने तेच केलं तर चौकशी सुरू होते. मुलाने कॅनडातून परत यायचं नाही असं ठरवलं तर अभिमान, थोडी हळहळ. मागे राहिलेल्या आईवडिलांचं दवाखान्यात नेणं-आणणं बडोद्यातच सासर असलेल्या मुलीकडे येतं, आणि तिची ही निवड होती का असं कुणी विचारत नाही. एखादी रीत खरोखर सगळ्यांची आहे की नाही हे ठरवायचं असेल, तर ती मोडली गेल्यावर कोण गप्प बसतं आणि कुणाला जाब द्यावा लागतो ते पाहावं. त्या घराच्या मूल्यांचा खरा क्रम तिथे कळतो.

हळदीकुंकवाची रीत तुमच्या गल्लीत किंवा सोसायटीत बदलायची असेल, तर वर सांगितलेल्या गोष्टींवरून कामाची पद्धत बरीचशी ठरते. एकटीने अचानक बोलावलं तर आलेल्या बाईलाच सगळ्यांच्या नजरा सोसाव्या लागतात, हे करू नये. आधी चार-पाच जणींशी एकेकीशी बोलावं. त्यांच्या मनात काय आहे ते विचारावं आणि एकीचं मत दुसरीला, तिच्या परवानगीने, सांगावं. त्यांत एखादी वयाने मोठी, जिच्या शब्दाला मान आहे अशी बाई असावी, कारण बाकीच्या तिच्याकडे बघून वागतात. सगळ्यांनी त्याच वर्षी आपापल्या घरी तसंच करायचं ठरवावं, म्हणजे कुणी एकटी उघडी पडत नाही. निमंत्रणाच्या व्हॉट्सॲप संदेशात ‘सुवासिनींना’ ऐवजी ‘सर्व महिलांना’ लिहावं. आणि जिला इतकी वर्षं बोलावलं नाही, तिला संदेशावर न सोडता घरी जाऊन बोलवावं. ती पहिल्या वर्षी नाही म्हणाली, तर पुढच्या वर्षी पुन्हा जावं.